त्रेपन्नाव्या ठोक्यानंतर

१

रोज सकाळी सहाला उठायचं, ढाबळीतल्या कबुतरांना दाणे टाकायचे, चिकोरी घातलेली कॉफी वाडगाभर प्यायची आणि मागच्या शेडमध्ये मांडीवर चामडं घेऊन चकमकीचे दगड फोडत बसायचं, हा माझा गेल्या चौदा वर्षांचा दिनक्रम. त्याआधी चाळीस वर्षं मी सोम नदीकाठच्या वीटभट्टीसाठी माती खणली. माझं नाव ओमेर, वय चौऱ्याहत्तर, आणि दोन्ही हातांची मिळून बिनजखमेची बोटं चार.

माती खणताना फावड्याला कधीकधी दगडी हातकुऱ्हाडी लागायच्या. बदामाच्या आकाराच्या, दोन्ही अंगांनी छिलून काढलेल्या. भट्टीवरचे बाकीचे लोक त्या रविवारी येणाऱ्या हौशी शहरी मंडळींना विकायचे आणि त्याची बिअर प्यायचे. मी एक घरी आणली आणि ही कशी केली असेल म्हणून दगडावर दगड मारून पाहिला. बघणाऱ्याला वाटतं, त्यात काय एवढं. लाज वाटणार नाही अशी पहिली कुऱ्हाड बनवायला मला अकरा वर्षं लागली. एक घाव घालण्याआधी पुढचे चार घाव डोक्यात तयार असावे लागतात, नाहीतर दगड भलतीकडेच फुटतो. ज्यांना आपण रानटी म्हणतो त्यांच्या शाळेत मी अकरा वर्षं नापास होत होतो. त्यामुळे त्यांना कोणी मठ्ठ म्हटलं की माझं डोकं फिरतं.

आम्हा दगड फोडणाऱ्यांची एक शिस्त आहे. काम झालं की खाली पडलेल्या कपच्या कुठेही फेकायच्या नाहीत. खड्डा करून पुरायच्या आणि त्यांच्यात त्या सालचं एक नाणं टाकायचं. कपचीवर तारीख नसते. शंभर वर्षांनी कोणी तिथे खणलं, तर तो बिचारा आमच्या कचऱ्यालाच अश्मयुग समजून आयुष्य वाया घालवील. मी हजारो वेळा कपच्या पुरल्या असतील. नाणं टाकायला विसरलो एकदाच, सत्त्याऐंशी साली, गावच्या जत्रेला, भट्टीच्या खाणीत. लोकांना प्रात्यक्षिक दाखवायचं म्हणून मी मेंढीचं कातडं नेसलो होतो आणि कातड्याला खिसा नसतो. पडल्या जागीच कपच्यांवर पायाने गाळ लोटला आणि नाणं नंतर आणून टाकू म्हटलं. मग जेवणं झाली, सफरचंदाची दारू झाली, आणि ते राहून गेलं.

२

माझी मुलगी क्लेमाँस पुरातत्त्वाची. भट्टी बंद पडल्यावर त्याच खाणीत तिचं उत्खनन सुरू झालं, त्याला सहा वर्षं झाली. गावातले लोक म्हणतात, बाप जिथे खणत होता तिथेच पोरगी खणते, फक्त पगार कमी घेते. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत, आणि एकमेकांना टोमणे मारण्यावर आमचं बरं चाललंय.

गेल्या सप्टेंबरात एका सकाळी तिने मला खाणीत बोलावलं. आवाज अगदी साधा होता, म्हणजे काहीतरी मोठं असणार हे मी ओळखलं. एकावर एक तीन माणसं उभी राहतील एवढ्या खोल खड्ड्यात आम्ही शिडीने उतरलो. तळाशी पिवळट, पिठासारख्या बारीक गाळाच्या थरात काळ्या चकमकीच्या कपच्या पसरल्या होत्या, पडल्या तशाच. त्या थराचं वय साडेतीन लाख वर्षं. कपच्यांच्या मधोमध दोन लांबट मोकळ्या जागा होत्या. मी पाहताक्षणी ओळखल्या, कारण माझ्या शेडमधल्या जमिनीवर रोज तशाच उमटतात. तिथे फोडणाऱ्याचे गुडघे होते. समोर, दोन हातांवर, आणखी दोन जागा होत्या, जरा लहान, आणि त्यांच्याभोवती शिकाऊ हाताच्या जाड, वेड्यावाकड्या कपच्या.

"दोघं होते, पपा," क्लेमाँस म्हणाली. "एक करत होता, एक शिकत होता."

तिचे डोळे भरले होते. माझेही भरले असते. पण मी खाली वाकून एक कपची जवळून पाहिली, मग दुसरी, मग तिसरी. माझा घाव मनगट किंचित वळवून पडतो. त्यामुळे कपचीच्या बुडाशी जो फुगवटा येतो तो मधोमध न येता जरा उजवीकडे येतो. ही माझी खोड आहे. समोरच्या प्रत्येक मोठ्या कपचीवर फुगवटा उजवीकडे होता. आणि कपच्या अशा ताज्या, धारदार, जणू काल पडलेल्या. या गाळात दगड तसे टिकतात हे खरं आहे, पण ज्याला शंका घ्यायची असते त्याला ते पटत नाही, आणि त्या घटकेला शंका मीच घेत होतो.

मी तिथल्या तिथे तिला जत्रेची गोष्ट सांगितली. जागा कुठली ते विचारलं तिने. मला नक्की सांगता आलं नाही. खाणीचा तो सगळा भाग नंतर यंत्रांनी उकरला, पुन्हा भरला, पुन्हा उकरला. तिने वहीत काहीतरी टिपलं. मग म्हणाली की हे तिला अहवालात लिहावं लागेल. ती माझ्यावर चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

३

हिवाळाभर आम्ही त्या कपच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा जुळवत होतो. प्रत्येक कपची कुठल्या तरी दुसरीवर बसते. सगळ्या बसवल्या की मूळ दगड पुन्हा तयार होतो, फक्त मधे एक पोकळी राहते. बनवलेली वस्तू तो माणूस घेऊन गेलेला असतो. फेब्रुवारीत आम्ही त्या पोकळीत प्लास्टर ओतलं, आणि साडेतीन लाख वर्षांपूर्वी कोणीतरी उचलून नेलेली कुऱ्हाड पांढरी होऊन आमच्या हातात आली. मी ती दिवसभर खाली ठेवली नाही. दगडात एक जुनी भेग होती. त्याने ती तिसऱ्याच घावाला ओळखली होती आणि पुढचं सगळं काम असं आखलं होतं की शेवटी भेग टाकाऊ भागात राहावी. पन्नास घावांपुढचं त्याला दिसत होतं. मला दहापुढचं दिसत नाही.

कुऱ्हाडीला त्रेपन्न घाव लागले. त्यानंतर मात्र त्याने जे केलं त्याचा काही अर्थ लागेना. भेगेचा तो टाकाऊ तुकडा उचलून त्याने त्याच्यावर आणखी चौसष्ट ठोके मारले होते. त्यातून काही बनवायचं नव्हतं, धार काढायची नव्हती. नुसत्या नखाएवढ्या कपच्या, एकामागून एक, सारख्या जोराच्या. त्यांतल्या शेवटच्या चाळीसेक तर समोरच्या त्या लहान मोकळ्या जागेत पडल्या होत्या.

पुरातत्त्व खात्याने तपासणीसाठी समिती नेमली. तिचे प्रमुख ब्रिसे म्हणून होते, उंच, सर्दाळू, फार सभ्य. त्यांनी सगळं टेबलावर झुकून पाहिलं आणि त्या चौसष्ट ठोक्यांवर बोट ठेवलं. चांगला दगड असा वाया घालवणं हे अश्मयुगातल्या माणसाचं लक्षण नाही, असं ते म्हणाले. गर्दी जमेपर्यंत टकटक करत राहणाऱ्या खेळवाल्याचं आहे.

"तुमचा अपमान करायचा नाहीये, ओमेर," ते म्हणाले. "पण जत्रेत तुम्ही असं करता का?"

करतो. लोक वळून बघेपर्यंत मी असाच दगड वाजवत बसतो.

समोर बसून दगड मारून पाहणारा प्रेक्षक मधेच उठून गेला असेल, म्हणून कपच्या त्याच्या जागेत पडल्या, असंही ते म्हणाले. त्यांचं बोलणं मला मुद्देसूद वाटलं. क्लेमाँसने विचारलं की पुढे काय. ब्रिसेंनी सुचवलं, ओमेरना त्याच जागी बसवा. त्यांना एक कुऱ्हाड करू द्या, त्यांच्या पद्धतीने. काही सांगू नका, थांबवू नका. हात आपणहून काय करतो ते मोजा. चौसष्ट किंवा त्याच्या आसपास रिकामे ठोके पडले, तर हा कचरा त्यांचा आणि खाण बंद. नाही पडले, तर पुढचा विचार करू. जूनमध्ये बैठक होती. सहा वर्षांचं तिचं काम चाचणीच्या एका दुपारवर आलं.

४

मी सराव सुरू केला. क्लेमाँसने करू नकोस म्हणून बजावलं होतं, तरी केला. दगड दर वेळी नवा घ्यायचो, घाव आपल्या अंदाजाने घालायचो आणि मनात मोजायचो. पहिल्या दिवशी त्रेपन्नाव्या घावाला मी मान वर करून डावीकडे पाहिलं. डावीकडे शेडची भिंत आहे, तिच्यावर माझं जुनं फावडं टांगलेलं आहे. पाहण्यासारखं काही नाही. मान आखडली असेल म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोजणं सोडून दिलं आणि गाणं गुणगुणत काम केलं. कुऱ्हाड होत आली तशी मान वर गेली, डावीकडे वळली. खाली पाहून मोठ्या कपच्या मोजल्या. त्रेपन्न होत्या. चौथ्या दिवशी मी उलट दिशेला तोंड करून बसलो, म्हणजे डावीकडे दार आलं. दारातून अंगण दिसतं, क्लेमाँसची जुनी सायकल दिसते. त्या दिवशी मला कळलं की मी पाहत नव्हतो, ऐकत होतो. ढाबळीतली कबुतरं गप्प झाली होती.

ज्याने कबुतरं पाळली नाहीत त्याला हे सांगून कळायचं नाही. तीस कबुतरं कधीच एकदम गप्प होत नाहीत. कोणीतरी घुमत असतं, कोणी पंख झटकत असतं. बहिरी ससाणा वरून गेला तरच अशी शांतता पडते. मी बाहेर येऊन आकाश पाहिलं, रिकामं होतं. ढाबळीत सगळी कबुतरं माझ्याकडे पाठ करून, माना लांब करून, एका कोपऱ्यात चिकटून बसली होती.

मी स्वतःला समजावलं. माझ्या ठोक्यांत काही फरक पडत असेल, तो त्यांना कळत असेल. कुऱ्हाड पुरी होत आली की घाव हलके होतात, आवाज बारीक होतो. कबुतरांना बारीक आवाज आवडत नसेल. विचार करून पाहिला तर हे अगदी पटण्यासारखं होतं. सराव मात्र त्या दिवसापासून बंद केला.

५

मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी चार वाजता आम्ही खड्ड्यात उतरलो. कपच्या केव्हाच उचलल्या होत्या, पण गुडघ्यांच्या जागी खुंट्या मारून दोरी बांधलेली होती. मी मोठ्या जागेत ताडपत्री अंथरून बसलो. क्लेमाँस समोर, लहान जागेत. आदल्या आठवड्यात शिडीवरून घसरून तिच्या घोट्याचं हाड मोडलं होतं, पायाला प्लास्टर होतं, दोन मजुरांनी तिला उचलून खाली आणलं होतं. मग तेही वर कॉफीला गेले. शिडी माझ्या पाठीमागे होती.

तिने मांडीवर वही घेतली. तिचं काम एवढंच की प्रत्येक ठोक्याला एक रेघ मारायची. मान वर करायची नाही, कारण ती पाहत असली की माझा हात बदलेल. ही अट मी घातली होती. खरं कारण वेगळं होतं. मी मान वळवतो ते तिने पाहू नये असं मला वाटत होतं.

"पपा, नेहमीसारखं कर," ती म्हणाली. "माझ्यासाठी काही करू नकोस, काही टाळू नकोस."

मी सुरुवात केली. दगड चांगला होता, खणखणीत वाजत होता. वर कुठेतरी चंडोल ओरडत होता. खड्ड्यात गार मातीचा वास होता आणि तिच्या पेन्सिलीची खरखर, माझा ठोका, खरखर, ठोका. विसाव्या घावापर्यंत मला भीती वाटत होती. मग कामात जीव रमला आणि भीती गेली. एका बाजूला धार धरली, दगड उलटा केला, शिंगाचा तुकडा घेऊन बारीक काम सुरू केलं. त्या घटकेला मला तो माणूस अगदी जवळचा वाटला, आणि फार मोठा वाटला.

चंडोल थांबला. मान आपोआप वर गेली, डावीकडे वळली.

डावीकडे, क्लेमाँसच्या खांद्यापलीकडे, दोन पावलांवर खड्ड्याची मातीची भिंत असायला हवी होती. तिथे गवत होतं. कमरेएवढं, पिकलेलं. वारा होता आणि सगळं गवत एका अंगाला वाकत होतं. एका जागी मात्र ते वाकत नव्हतं. बसलेल्या गाईएवढी जागा असेल. तिथे गवत अगदी सरळ उभं होतं, कारण मागून काहीतरी त्याला टेकलं होतं. मग ती सरळ उभी जागा थोडी पुढे आली.

यापुढे मी विचार केला नाही. दगड हातातून पडला. मी वळलो, शिडी धरली आणि वर चढलो. वर आल्यावरही थांबलो नाही, भट्टीच्या धुराड्यापर्यंत पळालो. चढताना मागे ठोका ऐकू येत होता, एका लयीत, टक, टक, टक. कानात रक्त वाजतंय असं मला वाटलं. धुराड्याला पाठ लावून मी उभा राहिलो तेव्हा मला आठवलं की माझी मुलगी खाली आहे आणि तिला चढता येत नाही.

तोवर चार-पाच मिनिटं गेली असतील. माझे पाय लगेच वळले असं म्हणायला मला आवडलं असतं. आणखी एक मिनिट गेलं.

६

खड्ड्याच्या काठावरून खाली पाहिलं. भिंत भिंतीच्या जागी होती. क्लेमाँस तशीच मान खाली घालून बसली होती. आवाज थांबलेला होता. मी शिडी उतरलो, होईल तितक्या हळू, आणि माझ्या जागी बसलो. तिने रेघांच्या शेवटी बेरीज लिहिली आणि मग मान वर केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"एकशे सतरा," ती म्हणाली. "त्रेपन्न, आणि मग चौसष्ट. संपलं, पपा."

मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला वाटलं मला वाईट वाटतंय. तिने पुढे वाकून माझा हात धरला आणि म्हणाली, तुझा दोष नाही, खोड ही खोड असते. तिचा हात गार होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की मी इथे नव्हतो. ते वाक्य तोंडाशी आलं. त्याच्यामागे दुसरं वाक्य उभं होतं, की तुला टाकून पळालो होतो. पहिलं काढलं असतं तर दुसरं काढावंच लागलं असतं. मी म्हणालो, चल, थंडी वाजतेय.

ती इतकी खचली होती की कपच्या बघायलासुद्धा तिने मागितल्या नाहीत. मी ताडपत्री गुंडाळली, घरी आणली आणि ढाबळीत दाण्यांच्या पोत्यामागे लपवली. तिने त्याच रात्री निकाल ब्रिसेंना कळवला, एक अक्षर न फिरवता. अशी मुलगी मी वाढवली, आणि मी असा.

नऊ दिवस मी गप्प राहिलो. नऊ दिवस मी एकच हिशेब करत होतो. मोजताना ती चुकत नाही. ठोके पडले होते. ते मी मारले नव्हते, तिने मारले नव्हते, मजूर वर होते. इथवर आलो की बुद्धी पुढे जायला तयार होत नसे. मग मी दुसरीकडून सुरुवात करायचो. समज, त्या जुन्या माणसाच्या जागी तू बसला आहेस. गवतात काहीतरी आहे, आणि तू पाहिलंस हे त्याला अजून कळलेलं नाही. समोर तुझं लेकरू आहे. तू ओरडलास तर ते झेप घेईल. पळालास तरी झेप घेईल. तुझा आवाज मात्र सकाळपासून चालू आहे, त्याला तो आवाज ओळखीचा झालाय. तो जोवर चालू आहे तोवर त्याला वाटणार की इथे सगळे बसलेले आहेत. म्हणजे काम संपलं तरी तू दगड वाजवत राहायचं. तोच जोर, तीच लय, टाकाऊ तुकड्यावर. आणि डोळ्यांनी लेकराला सांगायचं, सरक, हळूहळू, मागे.

शेवटच्या कपच्या समोरच्या जागेत का पडल्या होत्या ते मला अंथरुणात पडल्या पडल्या कळलं. ती जागा तेव्हा रिकामी झाली होती.

७

बैठक जिल्ह्याच्या गावी, एका उंच खिडक्यांच्या खोलीत होती. टेबलापलीकडे पाच जण, मधे ब्रिसे, हातात रुमाल. क्लेमाँस कुबड्या शेजारी ठेवून बसली होती. ब्रिसेंनी तिचा अहवाल वाचला, तिच्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि म्हणाले की निष्कर्ष उघड आहे, फक्त रीत म्हणून ओमेरना विचारतो, हा कचरा तुमचा असावा हे तुम्हाला मान्य आहे ना.

मी उठलो आणि ताडपत्री टेबलावर सोडली. म्हटलं, मोजा.

त्यांना वाटलं म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलं. पण ब्रिसे माणूस कामाचा. त्यांनी भिंग काढलं, मोठ्या कपच्या एका बाजूला लावल्या, भुगा दुसऱ्या. अर्धा तास गेला.  त्रेपन्न मोठ्या निघाल्या. रिकाम्या ठोक्यांची नखाएवढी कपची एकही निघाली नाही.

"मग वहीतल्या चौसष्ट रेघा?" ब्रिसेंनी विचारलं.

"त्या माझ्या नाहीत. त्रेपन्नाव्या ठोक्याला मी उठलो. मला भीती वाटली आणि मी शिडी चढून पळालो. माझी मुलगी समोर बसली होती. पायाला प्लास्टर होतं तिच्या. तिला तिथेच ठेवून मी पळालो."

क्लेमाँसकडे मी पाहिलं नाही. एकदा बोलायला लागल्यावर मात्र सगळं बोललो. जत्रेत मी दगड वाजवतो ते लोक यावेत म्हणून, समोरची जागा रिकामी झाल्यावर वाजवत नाही, कुठलाच खेळवाला वाजवत नाही. हा माणूस रिकाम्या जागेसमोर चाळीस ठोके बसून मारत होता. का, ते मी त्यांना सांगितलं. गवताचं सांगितलं नाही. म्हटलं, हा माझा कचरा असता तर त्रेपन्नावर संपला असता. तेवढीच माझी लायकी आहे, ती आता तुम्हाला मोजून दाखवली.

ब्रिसेंनी चष्मा काढला. ठोके कोणी मारले असं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. क्लेमाँसची वही त्यांनी बराच वेळ उघडी धरली होती, शेवटच्या रेघांच्या पानावर. मग त्यांनी बाकीच्यांशी हलक्या आवाजात बोलणं केलं आणि उत्खननाला आणखी दोन वर्षांची परवानगी लिहून दिली.

८

परत येताना गाडी मी चालवत होतो. बीटाची शेतं गेली, साखर कारखाना गेला. मी रेडिओ लावला नाही. अंगणात गाडी उभी केली तेव्हा ती उतरली नाही, समोर बघत बसली.

"राग आलाय मला," ती म्हणाली. "तो राहील काही दिवस. तू मधे बोलू नकोस."

मी मान हलवली.

"मला दुसरंच आठवतंय. ठोके चालले होते तेव्हा समोरून धाप ऐकू येत होती. फार जोराची, तोंडाने घेतलेली. मला वाटलं, म्हातारा दमला. मनात म्हटलं, थांब की रे पपा, बास कर, थांबलास तर आपली खाण वाचेल. पण ठोका एकही चुकत नव्हता." तिने कुबडी घट्ट धरली. "ते दमणं नव्हतं. ठोके मारणारा तो घाबरला होता. तुझ्याइतकाच घाबरला होता, पपा."

ढाबळीत कबुतरं घुमत होती. 

"आणि तू समोर आहेस म्हणून मी निर्धास्त मोजत बसले होते," ती म्हणाली.